उपग्रहाकडून येणारी वणव्याची वर्दी: पुण्याच्या डोंगरांसाठी ती कितपत कामाची?

वणवा म्हटला की पुणेकराला फाल्गुन-चैत्र आठवतो. महाराष्ट्राच्या वन विभागाचा आगीचा हंगामही १५ फेब्रुवारीला सुरू होऊन १५ जूनला संपतो आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढण्यापासून हंगामी मजूर नेमण्यापर्यंतची सारी तयारी त्याच वेळापत्रकाने चालते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी मात्र हे वेळापत्रक डोंगराला ठाऊक नसते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि पुरंदरच्या बाजूचे जे माळ एरवी दिवाळीपर्यंत हिरवट असतात ते शरद ऋतूतच पिवळे पडले. कुसळी गवत एकदा वाळले की त्याला महिना कोणता आहे याच्याशी काही घेणेदेणे नसते. एक काडी पुरते.

अशा अवेळी लागणाऱ्या आगीची खबर माणसाच्या आधी उपग्रह देऊ शकतो, असे गेली काही वर्षे सर्वत्र सांगितले जाते. ही खबर फुकट मिळते, ती कोणालाही घेता येते आणि पुण्यात टेकड्यांवर झाडे लावणाऱ्या, किल्ल्यांवर जाणाऱ्या मंडळींच्या फोनमध्ये ती आता बऱ्यापैकी पोचलेली आहे. म्हणून एखाद्या मिक्सरचे किंवा खानावळीचे करावे तसे या सेवेचे परीक्षण करायला हरकत नाही. माझा निर्वाळा आधीच सांगून टाकतो: आग लागल्याची घंटा म्हणून ही सेवा पुण्यासाठी जेमतेम आहे, आगीची वही म्हणून मात्र तिला तोड नाही. बहुतेक लोक ती पहिल्या कामासाठी घेतात आणि मग नाराज होतात.

परीक्षणात दोन सेवा धरल्या आहेत. पहिली डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची. ही संस्था २००४ पासून राज्यांच्या वन विभागांना उपग्रहावरून टिपलेल्या आगींची माहिती देते. जानेवारी २०१९ मध्ये या यंत्रणेची तिसरी आवृत्ती आली आणि देशभरातल्या वनरक्षकांच्या मोबाईलवर नियतक्षेत्राच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेल्या भागाच्या, नावासह संदेश पोचण्याची सोय झाली. संकेतस्थळावर नोंदणी करून सामान्य नागरिकालाही आपल्या भागाचे संदेश घेता येतात. दुसरी सेवा अमेरिकेच्या नासाची, जिला सगळे ‘फर्म्स’ म्हणून ओळखतात. तिच्या नकाशावर जगातली कोणतीही जागा उघडावी, आपल्याला हवा तो चौकोन आखावा आणि त्या चौकोनात उष्णतेचा ठिपका दिसला की ई-मेल यावा, अशी तिची रचना आहे.

दोन्हींचे डोळे मुळात तेच आहेत. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचे ‘मोडिस’ आणि सुओमी एनपीपी, नोआ-२० व नोआ-२१ या उपग्रहांवरचे ‘व्हिअर्स’ ही उपकरणे अवरक्त किरणांत जमीन पाहतात. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एखादा तुकडा सुमारे पावणेचार मायक्रॉनच्या पट्ट्यात वाजवीपेक्षा जास्त तळपत असेल, तर तिथे आग असल्याचे मानले जाते. मोडिसचा एक तुकडा एक किलोमीटर लांबरुंद असतो, व्हिअर्सचा ३७५ मीटर. त्यामुळे पुण्याच्या डोंगरांसाठी व्हिअर्सकडेच पाहावे. मोडिस आता म्हातारे झाले आहे. टेरा १९९९ सालचा आहे आणि ॲक्वा २००२ सालचा.

नोंदणी दोन्हीकडे सोपी आहे. फर्म्सवर नाव आणि ई-मेल दिला की झाले. वन सर्वेक्षणाकडे राज्यापासून नियतक्षेत्रापर्यंत उतरत जाऊन आपली जागा निवडावी लागते. वनखात्याचे विभाग, परिक्षेत्रे आणि नियतक्षेत्रे महसुली तालुक्यांशी जुळत नाहीत हे ज्याला माहीत नाही, तो तिथे थोडा घोटाळतो. आपला डोंगर कोणत्या परिक्षेत्रात येतो हे एकदा जवळच्या वन कार्यालयात विचारून घेतलेले बरे. संदेश मराठीत येत नाहीत, ही तक्रार नोंदवून ठेवतो. हा संदेश ज्याने शेवटी डोंगर चढायचा आहे, तो माणूस मराठी वाचणारा आहे.

आता एक नोंद जवळून पाहू. फर्म्सची माहिती तक्त्याच्या रूपात उतरवली की प्रत्येक ठिपक्याची एक ओळ मिळते. समजा तिच्यात अक्षांश १८.२५, रेखांश ७३.६८, वेळ ०८०४, खात्रीचा दर्जा ‘साधारण’ आणि उत्सर्जित शक्ती ४.१ असे लिहिलेले आहे. अक्षांश-रेखांश राजगडाच्या आसपासचे आहेत हे नकाशावर लगेच कळते. वेळ मात्र भारतीय नाही, जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की दुपारचे एक वाजून चौतीस मिनिटे होतात. खात्रीचे कमी, साधारण आणि जास्त असे तीन दर्जे असतात. भर दुपारी उन्हाच्या परावर्तनामुळे फसलेले ठिपके बहुधा ‘कमी’ दर्जाचे निघतात, तेव्हा ते बाजूला ठेवावेत. शेवटचा आकडा मेगावॉटमध्ये असतो. आग कितपत जोराने जळते आहे याचा तो अंदाज. गवताच्या सरपटत्या आगीला तो लहानच राहतो आणि म्हणून चार मेगावॉटला हसण्यात अर्थ नसतो. आपल्याकडच्या बहुतेक आगी अशाच असतात आणि त्याच रोपे खाऊन जातात.

या एका ओळीतच सेवेचे गुण आणि मर्यादा दोन्ही दडलेल्या आहेत.

पहिली मर्यादा वेळेची. व्हिअर्स वाहणारे तिन्ही उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास, तासाभराच्या फरकाने जातात. मधले अकरा-बारा तास हा पहारा रिकामा असतो. आणि पुण्याभोवतीचा गवताचा वणवा पेटतो कधी? ऊन उतरल्यावर, गुरे परतताना, फिरायला आलेली टोळकी शेकोटी पेटवतात तेव्हा, म्हणजे दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान. उतारावरचे वाळके गवत वाऱ्याच्या दिशेने दोन-तीन तासांत माथ्यापर्यंत जाते आणि तिथे खडक लागला की संपते. सायंकाळी पाचला लागलेली आग नवाला विझली, तर रात्री दीडला येणाऱ्या उपग्रहाला कोमट राखेखेरीज काही दिसत नाही, आणि कोमट राख त्याच्या हिशेबात आग नाही. दुपारच्या फेरीत सापडलेली आगही लगेच कळते असे नाही. उपग्रहाने पाहिल्यापासून तीन तासांच्या आत माहिती उपलब्ध करून देण्याचे फर्म्सचे धोरण आहे. ते तंतोतंत पाळले गेले तरी दीडची आग साडेचारपर्यंत कधीही कळू शकते, आणि तोवर सोंडेवरचे गवत राहिलेले नसते. यात कोणाची दिरंगाई नाही. उपग्रहाच्या कक्षेचाच तो परिणाम आहे. पृथ्वीबरोबर फिरणारे आणि एकाच जागी स्थिर भासणारे इन्सॅट मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र घेतात खरे, पण त्यांच्या अवरक्त चित्रातला एक तुकडा चार किलोमीटरचा असतो. एवढ्या मोठ्या तुकड्यात गवताची पट्टी हरवून जाते.

दुसरी मर्यादा जागेची, आणि सपाट मुलखात राहणाऱ्यांना तिची तीव्रता कळणार नाही. नकाशावरचा ठिपका म्हणजे आगीचे ठिकाण नव्हे. आग ज्या ३७५ मीटरच्या तुकड्यात कुठेतरी आहे, त्या तुकड्याचा तो मध्यबिंदू असतो. उपग्रह तिरका पाहत असेल तर तो तुकडा आणखी पसरतो. मैदानात दोन-तीनशे मीटर इकडे-तिकडे झाले तर मान वळवली की आग दिसते. सह्याद्रीत तेवढ्या अंतरात धार ओलांडली जाते: ठिपका या खोऱ्यात पडतो, आग पलीकडच्या खोऱ्यात असते, आणि दोन्हींच्या मध्ये तासाभराची चढण असते. वेल्ह्याकडच्या एका वनरक्षकांना मी मोठ्या उत्साहाने फोनवरचा नकाशा दाखवला, तेव्हा त्यांनी तो नीट पाहून घेतला आणि मग शांतपणे म्हणाले, “साहेब, ठिपका राहू द्या. धूर कोणत्या सोंडेवरनं निघतोय तेवढं सांगा.” या सेवेविषयी मी ऐकलेल्या सर्व मतांत हे सर्वांत नेमके होते. दोन माणसांनी दोन गावांतून धुराची दिशा सांगितली तर वनरक्षक थेट आगीच्या पुढे जाऊन उभा राहतो.

तिसरी अडचण कोणत्या आगी मोजायच्या याची आहे, आणि इथे दोन सेवा परस्परविरुद्ध टोकांना आहेत. वन सर्वेक्षण आपल्याकडे आलेले ठिपके वनहद्दीच्या चाळणीतून काढते आणि वनाबाहेरचे टाकून देते. वनरक्षकासाठी हे योग्यच आहे. त्याला उसाच्या फडांचे संदेश पाठवून उपयोग काय? परंतु पुण्याच्या टेकड्यांचा काही भाग वन विभागाकडे, काही महापालिकेकडे तर काही खासगी मालकीचा आहे, आणि आग सातबारा वाचून पुढे सरकत नाही. टेकडीच्या ज्या कडेला वस्ती टेकलेली आहे आणि जिथून आग वर चढते, ती कड अनेकदा वनहद्दीच्या बाहेरच असते. शिवाय ही संस्था आगीचा हंगाम नोव्हेंबर ते जून असा धरते. तो राज्याच्या हंगामापेक्षा बराच मोठा असला, तरी दुष्काळी वर्षातला कोरडा ऑक्टोबर त्याच्याही उंबरठ्याबाहेर राहतो.

फर्म्स याच्या उलट सगळेच दाखवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडला तर घाटमाथा स्वच्छ आणि पूर्वेला बारामती, दौंड, इंदापूरच्या बाजूला लाल ठिपके, असे चित्र बहुतेक वर्षी दिसते. नवख्या माणसाला वाटते की जिल्हा पेटला. प्रत्यक्षात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन तोडलेल्या फडांतले पाचट जाळले जात असते. त्यात वीटभट्ट्या आणि कचऱ्याच्या ढिगांच्या आगी मिसळतात. मार्च ते मे या काळात मावळ-मुळशीतली भाताच्या रोपांसाठीची राब भाजणीही दिसते. कायम तापलेल्या जागा फर्म्स वेगळ्या खुणेने दाखवते, पण हंगामी पाचटाला तशी खूण नसते. हा गोंधळ टाळायचा असेल तर चौकोन लहान आखावा. संपूर्ण जिल्हा घेण्याऐवजी आपल्या माहितीतली डोंगररांग तेवढी घ्यावी. मी कात्रज ते सिंहगड ही धार आणि राजगड-तोरण्याचा परिसर असे दोनच तुकडे ठेवले आहेत आणि तेव्हापासून पेटीत येणारा प्रत्येक ई-मेल उघडून वाचण्याजोगा असतो.

सेवेला दोष देण्याआधी ती ज्या प्रकारच्या आगीसाठी बनली आहे तिथे ती कशी वागते हेही पाहिले पाहिजे. पुण्याचे डोंगर ही तिची खरी परीक्षा नव्हे. दुष्काळ, शरद ऋतू आणि माणसापासून दूरचे घनदाट जंगल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर जे होते, त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात २०२० साली घडलेले आहे. ‘ईस्ट ट्रबलसम’ नावाने ओळखली जाणारी ती आग १४ ऑक्टोबरला रॉकी पर्वतातल्या सरकारी वनात लागली. राज्यात कडक दुष्काळ होता, खोडकिड्याने मारलेली पाइनची झाडे हजारोंनी उभी वाळलेली होती, आणि पहिला आठवडाभर आग वाढत असली तरी आवाक्याबाहेरची वाटत नव्हती. २१ ऑक्टोबरला वारा सुटला. त्या दिवसरात्रीत तिने ८७ हजार एकरांहून अधिक वन गिळले. हे क्षेत्र सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे महानगरपालिकेच्या आजच्या हद्दीच्या जवळजवळ दोन तृतीयांश भरते. इतकेच नव्हे, तर वृक्षरेषेच्या वरचा उघडा खडकाळ पट्टा ठिणग्यांच्या जोरावर ओलांडून ती खंडाच्या जलविभाजकाच्या पलीकडे उतरली. दोन वृद्ध माणसे गेली, एस्टेस पार्क हे गाव रिकामे करावे लागले, आणि बर्फ पडल्यावरच तिचा जोर मोडला. एकूण जळालेले क्षेत्र १ लाख ९३ हजार एकरांपेक्षा जास्त होते.

फर्म्सच्या संग्रहात ती तारीख आजही कोणालाही उघडून पाहता येते. १४ पासून २१ पर्यंत रोजचे ठिपके एका गाठीसारखे जवळजवळ आहेत आणि मग एकदम नकाशाचा मोठा तुकडा लाल होतो. दूरच्या, निर्मनुष्य वनातली आग लागल्याचे, ती जिवंत असल्याचे, तिचा कडा कोणत्या बाजूला सरकतो आहे याचे ज्ञान या सेवेने दिले. ते माणसाला पायी जाऊन मिळवणे अशक्य होते. पण जी धाव निर्णायक ठरली ती दुपार कलल्यावर सुरू झाली आणि रात्रीत पूर्ण झाली. दीड ते दीड या पहाऱ्याच्या नेमकी मधल्या काळात. अमेरिकेत ही पोकळी भरायला स्थिर कक्षेतले ‘गोज’ उपग्रह दर पाच मिनिटांनी चित्र घेतात आणि त्यांचे ठिपके फर्म्सच्या तिथल्या नकाशावर येतात. आपल्याकडे तेवढी बारीक आणि तेवढी वारंवार नजर अजून सामान्य वापरकर्त्याच्या फोनपर्यंत आलेली नाही.

दुसरे उदाहरण २०१६ च्या नोव्हेंबरातले, टेनेसी राज्यातल्या ग्रेट स्मोकी पर्वताचे. तिथेही भीषण दुष्काळ होता आणि पानगळ नुकतीच झालेली असल्यामुळे जमिनीवर वाळक्या पाचोळ्याचा थर होता. २३ नोव्हेंबरला चिमनी टॉप्स या दुर्गम सुळक्यावर दिसलेली आग सुरुवातीला अवघी दीड एकराची होती. व्हिअर्सचा एक तुकडा सुमारे पस्तीस एकरांचा असतो, यावरून उपग्रहाच्या दृष्टीने ती किती क्षुल्लक होती हे लक्षात यावे. तापमान भरपूर असेल तर तुकड्याच्या अगदी लहान भागातली आगही पकडली जाते, परंतु पाचोळ्याखाली धुमसणारी, ज्वाळा नसलेली आग पकडली जाईलच याचा भरवसा नसतो. मुळात तिथे उपग्रहाची गरजच पडली नव्हती. आग सर्वांना ठाऊक होती. चढण इतकी अवघड की थेट भिडण्याऐवजी तिला घेरून ठेवायचे ठरले, आणि २८ तारखेला ताशी १४० किलोमीटरच्या झोतांनी ती गॅटलिनबर्ग गावात आणून टाकली. १४ माणसे मेली. त्या संध्याकाळी वीज आणि फोन कोसळले, स्थानिक आणि राज्य यंत्रणांतला संपर्क तुटला आणि गाव सोडण्याचा जो इशारा मोबाईलवर जायचा होता तो गेलाच नाही. वर्दी देणारे उपकरण कितीही तल्लख असले तरी साखळीतली शेवटची कडी फोनच्या मनोऱ्याला लटकलेली असते. तोरण्याच्या मागच्या खोऱ्यांत फोनला रेंज शोधत फिरलेल्या कोणालाही याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इथे एक आडवळण घेतो. आमच्या टेकडीवरच्या काही मंडळींनी आगीचे इशारे देणाऱ्या एका खासगी ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती. नकाशा देखणा होता, ज्वाळेची चिन्हे हलत होती, वाऱ्याचे बाण होते. ठिपके मात्र फर्म्सचेच, आणि तेही मूळ नकाशापेक्षा उशिरा येणारे. वाऱ्याचा अंदाज वेगळा पाहण्याचा कंटाळा असेल तर असे ॲप घ्यावे. आगीच्या माहितीसाठी पैसे मोजू नयेत.

आग आज, आत्ता लागली असेल तर खरा प्रतिस्पर्धी वेगळाच आहे. वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा निःशुल्क क्रमांक, शहराच्या कडेला असाल तर अग्निशमन दलाचा १०१, आणि त्याहून वरचढ म्हणजे आपल्या भागातल्या वनरक्षकाचा किंवा वनपालाचा मोबाईल. वणवा विझवणारी माणसे आजही हिरव्या डहाळ्यांनी झोडपून, पाठीवरच्या ब्लोअरने पाचोळा उडवून आणि आगीच्या पुढे पट्टा साफ करूनच तो विझवतात. त्यांना लवकर आणि नेमक्या सोंडेवर बोलावणे एवढेच बाकीच्यांचे काम असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव व संरक्षित वनात हक्क असणाऱ्यांवर आगीची माहिती देण्याचे आणि मदतीचे बंधन आहेच. डोळ्यांनी धूर पाहिलेल्या माणसाचा एक फोन संध्याकाळच्या आगीत उपग्रहाला निश्चितपणे मागे टाकतो. फर्म्स स्वतःच आपल्या पानावर बजावते की जीव आणि मालमत्ता वाचवण्याच्या निर्णयांसाठी ही माहिती वापरू नये; इतकी प्रामाणिक सूचना विकाऊ मालावर क्वचितच सापडेल.

मग ही सेवा घ्यायची कशाला? वहीसाठी. इथे मात्र हातचे काही राखून लिहिण्याची गरज नाही. व्हिअर्सच्या नोंदी २०१२ पासूनच्या आहेत आणि त्या फुकट उतरवता येतात. आपल्या डोंगराच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी एकाच नकाशावर टाकल्या की पहिल्या नजरेत दिसते ते असे: वणवा कुठेही लागत नाही. तो त्याच त्या सोंडांवर, त्याच त्या पायवाटांच्या आणि घाटरस्त्यांच्या कडेने, वर्षाआड किंवा दरवर्षी लागतो. आपल्याकडे कोरडी वीज पडून लागणाऱ्या आगी विरळा. जवळजवळ प्रत्येक आगीमागे हात माणसाचा असतो आणि माणसाच्या सवयी ठरलेल्या असतात. पुढच्या वर्षी गवत जोमाने फुटावे म्हणून कुरण पेटवणारा दरवर्षी तेच कुरण पेटवतो. घाटात गाडी थांबवून विडी-सिगारेट टाकणारे त्याच वळणावर थांबतात, कारण तिथून देखावा चांगला दिसतो. संध्याकाळच्या बऱ्याच आगी सुटल्या असल्या तरी इतक्या वर्षांच्या साठ्यात खोड उमटायची ती उमटतेच.

त्याला युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांची जोड द्यावी. त्यांत जळालेला काळा डाग दहा-वीस मीटरच्या बारकाईने दिसतो आणि आग कुठून सुरू होऊन कुठे थांबली हे डागाच्या आकारावरून बऱ्यापैकी ओळखता येते. उपग्रहाच्या फेऱ्यांमधल्या काळात लागून विझलेल्या आगीही, ज्या ठिपक्यांत कधीच आल्या नाहीत, त्या या डागांत सापडतात. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले की जाळरेषा नेमकी कुठे हवी, रोपे कोणत्या उतारावर लावणे म्हणजे ती जाळायला देणे आहे आणि कोणत्या वाडीत जाऊन बोलले पाहिजे, या तीन प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देण्याची गरज उरत नाही. झाडे लावणाऱ्या प्रत्येक गटाने खड्डे खणण्याआधी हे काम करावे. त्याला एक सुटीची दुपार आणि बरा संगणक एवढेच लागते. दुष्काळी वर्षात जाळरेषा फेब्रुवारीची वाट न पाहता दिवाळीच्या आतच काढायला हव्यात, हे पटवून देताना असा नकाशा टेबलावर असला तर बोलणे लांबत नाही.

गुण द्यायचेच झाले तर तत्काळ इशाऱ्यासाठी दोन्ही सेवांना पाचपैकी दोन. वनाच्या हद्दीत काम करणाऱ्यांसाठी वन सर्वेक्षणाच्या संदेशाला, नियतक्षेत्राचे नाव थेट कळत असल्यामुळे, आणखी एक. जुन्या नोंदींसाठी फर्म्सला पूर्ण पाच. भाषेसाठी दोघींनाही शून्य. भीमाशंकरसारख्या दाट सदाहरित रानात छताखालची जमिनीवरची आग आणि परतीच्या पावसाच्या जाड ढगांखालची कोणतीही आग दोघींनाही दिसत नाही, हे लक्षात ठेवून मगच घ्यावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे पुणे सोडून किल्ल्यावर जाणाऱ्यांना मात्र ही सेवा आजच्या स्वरूपातही सोयीची आहे, आणि तिचा हा उपयोग फारसे कोणी करताना दिसत नाही. रात्री दीडच्या फेरीतले ठिपके साधारण साडेचार-पाचपर्यंत नकाशावर आलेले असतात. स्वारगेटहून गाडी पकडण्याआधी, फोनला रेंज आहे तोवर, आपल्या वाटेची धार एकदा उघडून पाहावी आणि ‘गेल्या २४ तासांत’ हा पर्याय निवडावा. वाटेवर किंवा वाटेच्या खालच्या बाजूला, वारा येतो त्या दिशेला ठिपका असेल तर तो दिवस दुसऱ्या किल्ल्याला द्यावा. आग चढणीला वेगाने धावते आणि गवताळ सोंडेवर माणसाला आडोसा नसतो. ठिपका नसेल तरी पाण्याची एक बाटली जास्त घ्यावी आणि १९२६ फोनमध्ये साठवलेला असावा.